वायुप्रवाहाच्या अवस्थांची परिभाषा कशी ठरवावी: नुडसन, माख आणि रेनॉल्ड्स अंकांच्या आधारे सविस्तर मार्गदर्शन

एखाद्या प्रकल्प अहवालात 'येथे प्रवाह संक्रमण अवस्थेत आहे' असे वाक्य आले, तर लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे हे त्या एका वाक्यावरून कळत नाही. सीमास्तर (पृष्ठभागालगतचा, घर्षणाने मंदावलेला वायूचा पातळ थर) स्तरीय म्हणजे शांत, थराथरांनी वाहणाऱ्या अवस्थेतून संक्षुब्ध म्हणजे भोवऱ्यांनी भरलेल्या अवस्थेत चालला आहे, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. वायू इतका विरळ झाला आहे की त्याला सलग माध्यम मानता येत नाही आणि पूर्णपणे सुट्या रेणूंचा समूहही मानता येत नाही, असाही होऊ शकतो. ध्वनिवेगाच्या अलीकडे-पलीकडे घुटमळणाऱ्या प्रवाहालाही काही जण हाच शब्द लावतात. या तिन्ही प्रसंगी वापरायची समीकरणे वेगळी असतात, प्रयोगाची साधने वेगळी असतात आणि चूक झाली तर तिचे परिणामही वेगळे असतात. म्हणून वायुगतिकीत अवस्थेचे नाव लिहिण्याआधी त्या नावाची व्याख्या लिहिणे हे कामाचे पहिले अंग आहे, असे माझे ठाम मत आहे. हा लेख त्या व्याख्या टप्प्याटप्प्याने कशा बांधाव्यात यासाठी आहे. तो अभियांत्रिकीचे विद्यार्थी, अध्यापक आणि तांत्रिक लेखन करणारे यांना समोर ठेवून लिहिला आहे.

उदाहरण म्हणून एक खरे उड्डाण बहुतेक ठिकाणी वापरले आहे. १८ डिसेंबर २०१४ रोजी इस्रोने श्रीहरिकोटाहून एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाचे पहिले प्रायोगिक उड्डाण केले आणि 'केअर' ही मानवरहित कुपी सुमारे १२६ किलोमीटर उंचीवर सोडली. सुमारे ३.१ मीटर व्यासाची आणि पावणेचार टन वजनाची ती कुपी वातावरणातून खाली येऊन बंगालच्या उपसागरात उतरली. वायुप्रवाहाच्या जवळजवळ सगळ्या अवस्था एकाच प्रवासात भेटतात, त्यामुळे अभ्यासासाठी हे उड्डाण फार सोयीचे आहे.

पायरी पहिली: नाव कशासाठी हवे आहे ते ठरवा

प्रवाहाची अवस्था हा वायूचा रंग किंवा वास यांसारखा अंगभूत गुणधर्म नाही. 'सलग प्रवाह' किंवा 'सुपरसॉनिक प्रवाह' असे म्हणताना आपण खरे तर असे सांगत असतो, की या ठिकाणी अमुक भौतिक परिणाम प्रभावी आहे, तमुक परिणाम सोडून देता येतो आणि म्हणून ही समीकरणे चालतील. त्यामुळे प्रत्येक व्याख्येत चार गोष्टी असाव्याच लागतात: कोणता परिमाणरहित (एकक नसलेला) अंक वापरला, त्या अंकात कोणती लांबी घेतली, घनता, तापमान आणि वेग कोणत्या जागचे घेतले, आणि सीमा कोणत्या आकड्यांवर आखल्या. यांतली एक जरी राहिली, तरी वाचणाऱ्याला तीच गणना पुन्हा करून पाहता येत नाही.

अंक तपासण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पाठ्यपुस्तकांत माख अंक (वेग आणि ध्वनिवेग यांचे गुणोत्तर) आधी येतो, कारण तो सर्वांच्या ओळखीचा असतो. तरीही मी नुडसन अंकापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरतो. वायूला सलग माध्यम म्हणता येते की नाही, हेच ठरले नसेल, तर दाब, श्यानता (वायूच्या थरांमधील अंतर्गत घर्षण) आणि ध्वनिवेग यांच्या भाषेत पुढे जे बोलायचे, त्याचा पायाच पक्का नसतो.

पायरी दुसरी: वायू सलग आहे का ते पाहा

दोन टकरींच्या दरम्यान रेणू सरासरी जेवढे अंतर कापतो, त्याला सरासरी मुक्त मार्ग म्हणतात. या मार्गाला वस्तूच्या लाक्षणिक लांबीने, म्हणजे व्यासासारख्या तिचा आकार दर्शवणाऱ्या लांबीने भागले की नुडसन अंक मिळतो. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन नुडसन यांच्या नावाने तो ओळखला जातो. समुद्रसपाटीला हवेतील सरासरी मुक्त मार्ग सुमारे ६६ नॅनोमीटर असतो. उंची वाढते तशी घनता घटते आणि त्याच प्रमाणात हा मार्ग लांबत जातो: ८० किलोमीटरवर सुमारे साडेचार मिलिमीटर, १०० किलोमीटरवर सुमारे १४ सेंटिमीटर, १२० किलोमीटरवर सव्वातीन मीटरच्या आसपास आणि १५० किलोमीटरवर ३० मीटरच्या पुढे. अर्थात हे आकडे प्रमाण वातावरणाचे आहेत. प्रत्यक्षात, विशेषतः १०० किलोमीटरच्या वर, सूर्याच्या सक्रियतेनुसार घनता बरीच बदलते.

रूढ सीमा पुढीलप्रमाणे मानतात. नुडसन अंक ०.०१ पेक्षा कमी असेल, तर प्रवाह सलग मानावा आणि नेव्हिअर-स्टोक्स समीकरणे (सलग माध्यमाच्या गतीची मूळ समीकरणे) नेहमीच्या सीमाअटींसह वापरावीत. म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेल्या वायूचा वेग पृष्ठभागाइतकाच आणि तापमानही तेवढेच धरावे. ०.०१ ते ०.१ या पट्ट्यात समीकरणे तीच राहतात, पण पृष्ठभागालगत वायू थोडा घसरतो आणि तापमानात उडी पडते, म्हणून सीमाअटी बदलाव्या लागतात. याला घसरण प्रवाह म्हणता येईल. ०.१ ते १० हा विरळतेचा संक्रमण पट्टा आहे. तिथे रेणूंच्या वेगांचे वाटप सांगणाऱ्या बोल्ट्झमन समीकरणाकडे किंवा ग्रॅहम बर्ड यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या रेणूंच्या प्रत्यक्ष सांख्यिकीय अनुकरणाच्या पद्धतीकडे वळावे लागते. १० च्या पुढे मुक्त रेणवीय प्रवाह असतो. तिथे रेणूंच्या आपसातील टकरी सोडून देता येतात आणि फक्त रेणू व पृष्ठभाग यांच्यातील टकरी मोजाव्या लागतात.

आता केअर कुपीला हे लावून पाहू. कुपी १२६ किलोमीटरवर सुटली, तेव्हा सरासरी मुक्त मार्ग सहा मीटरच्या आसपास होता. ३.१ मीटर व्यासाने भागले, की नुडसन अंक सुमारे २ येतो. म्हणजे सुटण्याच्या क्षणीच ती विरळतेच्या संक्रमण पट्ट्यात होती. मुक्त रेणवीय अवस्था एवढ्या आकाराच्या वस्तूला १५० किलोमीटरच्या आसपास आणि त्यापुढेच मिळते. १०० किलोमीटरवर अंक ०.०४६ होतो, म्हणजे घसरण प्रवाह. ८० किलोमीटरवर तो ०.००१४ पर्यंत उतरतो आणि कुपी सलग प्रवाहात शिरते. 'अवकाशाच्या कडेला हवा नसतेच' ही समजूत किती ढोबळ आहे, ते या आकड्यांवरून ध्यानात येईल.

विरळतेचा प्रश्न फक्त उंचीवर येतो, असे मात्र समजू नये. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये वाचक-लेखक शीर्ष आणि फिरती तबकडी यांच्यात जेमतेम काही नॅनोमीटरची फट असते. खोलीतल्या हवेच्या साध्या दाबालाही सरासरी मुक्त मार्ग त्या फटीच्या कित्येक पट असतो. तेव्हा 'विरळ' हे विशेषण एकट्या वायूचे नसून वायू आणि लांबी या जोडीचे आहे. व्याख्येत हे स्पष्ट लिहिलेले असावे.

पायरी तिसरी: लांबी कोणती आणि जागा कोणती

सर्वाधिक गोंधळ याच पायरीवर होतो, म्हणून इथे थोडे सावकाश जावे लागेल.

नुडसन, माख आणि रेनॉल्ड्स हे तीन अंक एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. (घनता, वेग आणि लांबी यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागले की रेनॉल्ड्स अंक मिळतो. जडत्व घर्षणाच्या मानाने किती प्रभावी आहे, ते तो सांगतो.) वायूच्या गतिसिद्धान्तावरून असे दाखवता येते, की माख अंकाला रेनॉल्ड्स अंकाने भागून येणाऱ्या संख्येला एका स्थिरांकाने गुणले, की नुडसन अंक मिळतो. हवेसाठी तो स्थिरांक सुमारे १.४८ आहे. केअरसारखी कुपी ८० किलोमीटरवर सेकंदाला ५ किलोमीटर वेगाने येते, असे गणनेसाठी धरू. तिथे तापमान सुमारे १९९ केल्विन, म्हणून ध्वनिवेग सेकंदाला सुमारे २८२ मीटर आणि माख अंक १७.७ येतो. घनता घनमीटरला सुमारे ०.००००१८५ किलोग्रॅम घेऊन व्यासावर आधारित रेनॉल्ड्स अंक सुमारे २१,७०० येतो. या दोघांवरून काढलेला नुडसन अंक ०.००१२ आहे, वर थेट काढला, तेव्हा तो ०.००१४ होता. हा फरक गणिताच्या चुकीमुळे पडलेला नाही. एकदा सरासरी मुक्त मार्ग रेणूंच्या मानलेल्या व्यासावरून काढला आणि एकदा श्यानतेवरून, एवढाच त्याचा अर्थ आहे. प्रवाह सीमेपासून दूर असेल, तर या फरकाने काही बिघडत नाही. पण अंक ०.००९ की ०.०१०५ अशी वेळ आली, की अवस्थेचे नावच बदलते. म्हणून मुक्त मार्ग कोणत्या सूत्राने काढला, हे एका ओळीत नमूद करावे.

त्याहून मोठा फरक लांबीच्या निवडीने पडतो. १९४६ मध्ये चिनी वायुगतिकीतज्ज्ञ च्यान श्वेसन यांनी विरळ वायूंच्या गतिकीवर लिहिताना असा विचार मांडला, की रेनॉल्ड्स अंक मोठा असेल, तर घर्षण आणि उष्णता यांचे सगळे नाट्य सीमास्तरात घडते, तेव्हा तुलना वस्तूच्या लांबीशी न करता सीमास्तराच्या जाडीशी करावी. सीमास्तराची जाडी रेनॉल्ड्स अंकाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून या दृष्टीने निर्णायक संख्या होते ती माख भागिले रेनॉल्ड्सचे वर्गमूळ. आपल्या उदाहरणात २१,७०० चे वर्गमूळ सुमारे १४७, आणि १७.७ भागिले १४७ म्हणजे ०.१२. व्यास घेतला, तेव्हा प्रवाह निःसंशय सलग होता. सीमास्तर घेतला, तर तोच प्रवाह, त्याच उंचीवर आणि त्याच क्षणी, घसरण पट्टा ओलांडून संक्रमणाच्या तोंडाशी येतो.

मग खरे कोणते? माझे उत्तर असे आहे, की जी राशी मोजायची असेल, तिच्या लांबीवर व्याख्या बेतावी. कुपीवरचा एकूण रोध (हवेचा गतीला होणारा विरोध) हवा असेल, तर व्यास पुरेसा आहे. पृष्ठभागावरची उष्णता हवी असेल, तर सीमास्तराकडे पाहिलेच पाहिजे. पण वर काढलेली ०.१२ ही संख्या दूरच्या, अबाधित हवेच्या गुणधर्मांवरून काढली आहे, हेही विसरू नये. बोथट कुपीच्या पुढे जो आघात तरंग (दाब आणि घनता एकदम वाढवणारा अतिशय पातळ थर) उभा राहतो, त्याच्यामागे घनता किमान पाच-सहा पटींनी वाढते आणि मुक्त मार्ग त्या मानाने आखडतो. त्यामुळे पृष्ठभागालगतची हवा दूरच्या हवेपेक्षा पुष्कळ 'सलग' असते. उलट कुपीच्या पाठीमागच्या भागात घनता एकदम घसरते आणि तिथे समोरच्यापेक्षा कितीतरी आधी विरळतेचे परिणाम दिसू लागतात. एकाच वस्तूभोवती एकाच वेळी दोन अवस्था नांदू शकतात. संगणकीय गणनेत म्हणून स्थानिक नुडसन अंक वापरतात: घनतेच्या बदलाचा दर घनतेच्या मानाने किती आहे, त्यावरून लांबी काढायची आणि मुक्त मार्गाला तिने भागायचे. हा अंक ०.०५ च्या वर गेला, की सलग माध्यमाची समीकरणे तिथे विश्वासार्ह राहिलेली नाहीत, असे सामान्यतः मानले जाते. खुद्द आघात तरंगाची जाडी काही मुक्त मार्गांएवढीच असते, त्यामुळे त्याच्या पोटात हा अंक समुद्रसपाटीलाही मोठाच येतो.

पायरी चौथी: माख अंक

प्रवाहाचा वेग आणि त्याच जागचा ध्वनिवेग यांचे गुणोत्तर म्हणजे माख अंक. एर्न्स्ट माख यांचे नाव त्याला १९२९ मध्ये याकोब आकरेट यांनी दिले. यात 'त्याच जागचा' हे शब्द अत्यावश्यक आहेत. ध्वनिवेग तापमानावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसला तो सेकंदाला ३४० मीटर असतो आणि ११ किलोमीटरवर, उणे ५६.५ अंशाला, २९५ मीटर असतो. प्रवासी जेट विमान ११ किलोमीटरवर सेकंदाला २३० मीटर वेगाने जात असेल, तर त्याचा माख अंक ०.७८ होतो. तोच वेग समुद्रसपाटीला धरला, तर तो ०.६८ भरतो.

०.३ च्या खालच्या प्रवाहात वेगामुळे घनतेत होणारा बदल ५ टक्क्यांच्या आत राहतो, म्हणून प्रवाह असंकोच्य मानण्याची मुभा मिळते. ही सीमा निसर्गाने आखलेली नसून आपल्याला किती चूक चालते यावर ठरलेली आहे. ज्याला १ टक्काही चूक चालत नसेल, त्याने ती खाली आणावी आणि तसे लिहावे. त्याच्या वर, सुमारे ०.८ पर्यंत, सबसॉनिक संकोच्य प्रवाह, ०.८ ते १.२ ट्रान्सॉनिक, १.२ ते ५ सुपरसॉनिक, ज्याला मराठीत स्वनातीत असेही म्हणतात. आणि ५ च्या पुढे हायपरसॉनिक, अशी रूढ विभागणी आहे.

यातल्या ट्रान्सॉनिक या नावाबाबत विशेष काळजी घ्यावी. त्याची खरी व्याख्या आकड्यांनी होत नाही. वस्तूभोवतीच्या प्रवाहात सबसॉनिक आणि सुपरसॉनिक असे दोन्ही भाग एकत्र आढळतात, तो प्रवाह ट्रान्सॉनिक. वर सांगितलेले प्रवासी विमान ०.७८ माखने जाताना 'सबसॉनिक विमान' म्हणवते आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर वारा वेग घेतो आणि काही भागात ध्वनिवेग ओलांडतो, त्यामुळे तिथे अनेकदा छोटा आघात तरंग उभा असतो. पंखावर कुठेही पहिल्यांदा स्थानिक माख अंक १ होतो, त्या वेळच्या उड्डाणाच्या माख अंकाला क्रांतिक माख अंक म्हणतात. जाड पंखाचा तो कमी असतो, तर पातळ आणि मागे झुकवलेल्या पंखाचा जास्त. म्हणून ट्रान्सॉनिक अवस्थेची खालची सीमा ०.८ अशी ठोकून न लिहिता 'या पंखाच्या क्रांतिक माख अंकापासून' अशी लिहिणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. विमान सबसॉनिक आणि प्रवाह ट्रान्सॉनिक या दोन विधानांत विरोध नाही. फक्त कोणते विधान कशाबद्दल आहे, ते लिहिलेले असावे.

हायपरसॉनिकची ५ ही सीमाही अशीच सोयीची आहे. १ माखला समीकरणांचे स्वरूपच बदलते, तसे ५ माखला काहीही घडत नाही. आघात तरंग आणि पृष्ठभाग यांच्यातील थर अगदी पातळ होणे, सीमास्तर जाड होऊन बाहेरच्या प्रवाहावर परिणाम करू लागणे, तापमानाने वायूचे रेणू कंप पावू लागणे, अशा लक्षणांच्या समूहाला हे नाव दिले आहे. यांतली काही लक्षणे वस्तूच्या आकारानुसार ३ माखलाही जाणवतात, तर काही ७ पर्यंत वाट पाहायला लावतात. 'हायपरसॉनिक' लिहिताना यांपैकी कोणती लक्षणे आपल्या प्रश्नात महत्त्वाची आहेत, त्यांची नावे सोबत द्यावीत.

पायरी पाचवी: रेनॉल्ड्स अंक

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून स्तरीय आणि संक्षुब्ध प्रवाहांतला फरक दाखवला. नळीसाठी २,३०० आणि सपाट पट्टीसाठी ५ लाख हे क्रांतिक आकडे तोंडपाठ असतात, पण ते त्या-त्या भूमितीपुरतेच खरे आहेत. शिवाय ते पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि येणाऱ्या प्रवाहातली खळबळ यांनी खालीवर होतात.

ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा माख अंक ०.११ आणि नुडसन अंक दशलक्षांशाच्या घरात असतो. म्हणजे त्या दोन अंकांना तिथे सांगण्यासारखे काही नाही. रेनॉल्ड्स अंक मात्र सुमारे १ लाख ९० हजार येतो. या मर्यादेत गुळगुळीत बाजूचा सीमास्तर स्तरीयच राहतो आणि लवकर सुटतो, तर तिरकी धरलेली शिवण ज्या बाजूला असते, तिथला सीमास्तर तिला अडखळून संक्षुब्ध होतो आणि पृष्ठभागाला जास्त वेळ धरून राहतो. दोन बाजूंच्या या फरकामुळे चेंडू हवेत वळतो. इथे 'चेंडूभोवतीचा प्रवाह स्तरीय' किंवा 'संक्षुब्ध' असे सरसकट लिहिणे चुकीचे आहे, कारण दोन्ही बाजू वेगळ्या आहेत. सीमास्तराची अवस्था सांगायची, तर पृष्ठभागावरची जागा सांगावीच लागते. आणि इथेच 'संक्रमण' हा शब्द पुन्हा भेटतो. म्हणून अहवालात पहिल्यांदा येईल तिथेच तो 'सीमास्तराचे संक्रमण' आणि 'विरळतेचे संक्रमण' असा सविशेषण लिहावा आणि शेवटपर्यंत तसाच चालवावा.

पायरी सहावी: तापमान आणि रसायन

५ माखच्या अलीकडे ही पायरी बहुधा सोडता येते. आपल्या कुपीच्या १७.७ माखला मात्र ती टाळता येणार नाही. साधे आदर्श वायूचे सूत्र लावले, तर स्तब्धबिंदूचे, म्हणजे हवा कुपीपुढे जिथे पूर्ण थांबते तिथले तापमान १२,००० केल्विनच्या पुढे येते. प्रत्यक्ष तापमान त्याच्या पुष्कळ खाली राहते, कारण बरीच ऊर्जा रेणू फोडण्यात खर्ची पडते. वातावरणाच्या दाबाला ऑक्सिजनचे रेणू सुमारे २,५०० केल्विनला फुटू लागतात आणि नायट्रोजनचे ४,००० केल्विनच्या आसपास. रासायनिक क्रियेला लागणारा वेळ आणि वायूला वस्तूभोवतून वाहून जायला लागणारा वेळ यांची तुलना केली, की समतोल (क्रिया झटपट पूर्ण होणारी), असमतोल (दोन्ही वेळ सारख्या घरातले) आणि गोठलेला (क्रिया व्हायला वेळच न मिळणारा) अशा तीन रासायनिक अवस्था मिळतात. त्यांच्या व्याख्येतही कोणती क्रिया आणि कोणती लांबी घेतली, ते लिहावे.

पायरी सातवी: व्याख्या कागदावर उतरवा

आतापर्यंतचे सगळे एकत्र करून ८० किलोमीटरवरच्या प्रसंगासाठी नोंद अशी लिहिता येईल: 'या अहवालात सलग प्रवाह म्हणजे कुपीच्या ३.१ मीटर व्यासावर आणि अबाधित हवेच्या गुणधर्मांवर आधारलेला नुडसन अंक ०.०१ पेक्षा कमी असलेला प्रवाह होय. सरासरी मुक्त मार्ग श्यानतेवरून काढला आहे. या व्याख्येनुसार ८० किलोमीटरवर नुडसन अंक ०.००१२ असून प्रवाह सलग आहे. माख अंक १७.७ आहे. उच्च तापमानामुळे होणारे रेणूंचे विघटन विचारात घेतले असून त्या अर्थाने प्रवाह हायपरसॉनिक म्हटला आहे. व्यासावर आधारित रेनॉल्ड्स अंक २१,७०० असून कुपीच्या समोरच्या भागावर सीमास्तर स्तरीय धरला आहे. कुपीच्या पाठीमागील भागात स्थानिक नुडसन अंक ०.०५ पेक्षा जास्त येईल, तो भाग या व्याख्येतून वगळला आहे.'

यातले शेवटचे वाक्य बहुतेक अहवालांत सापडत नाही, आणि ते असावे असे मला फार वाटते. व्याख्या कुठे लागू नाही, हे लिहिल्याने पुढच्या संशोधकाचे कित्येक आठवडे वाचू शकतात.

कधीकधी अंक दोन पट्ट्यांच्या अगदी सीमेवर येतो. तेव्हा नाव देण्याची घाई न करता दोन्ही अवस्थांची समीकरणे वापरून तीच राशी काढावी. उदाहरणार्थ, नुडसन अंक ०.०१ च्या आसपास असेल, तर एकदा घसरणीच्या सीमाअटी लावून आणि एकदा न लावता पृष्ठभागावरची उष्णता मोजावी. दोन उत्तरांतला फरक आपल्याला चालणाऱ्या चुकीपेक्षा कमी असेल, तर साधी अवस्था धरावी. जास्त असेल, तर पुढची धरावी. अहवालात मात्र अवस्थेच्या नावाबरोबर तो फरकही टक्क्यांत द्यावा.